पट्ट्यावरचं बोलणं

कारखान्यात त्या दोघी बहिणींना नावाने कुणी कधी हाक मारली नाही. मारून उपयोगही नव्हता. तिथे हाक ऐकू येत नसे. हात खांद्याशी आडवा धरला की थोरली, कमरेशी धरला की धाकटी, एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. पुढे ते कारखान्याबाहेरही चिकटलं. वाणी, शेजारीपाजारी, पोस्टमन, सगळे थोरली-धाकटीच म्हणत. धाकटीचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती आपली धाकटीच राहिली. थोरली गेली तेव्हा मात्र तिच्या मनात आलं, आता आपण कुणाच्या धाकट्या?

कारखाना बाटल्यांचा होता. धुऊन आलेल्या बाटल्या सरकत्या पट्ट्यावरून ओळीने यायच्या आणि आतून दिवा लावलेल्या एका पांढऱ्या काचेपुढून जायच्या. पट्ट्याच्या अलीकडे धाकटी, पलीकडे थोरली. कुणाची कड उडालेली, कुणाच्या बुडाशी गाळ, कुणात मेलेली माशी, अशी बाटली दिसली की मान धरून बाहेर काढायची. काम एवढंच. पण काचेवर काच आपटण्याचा तो आवाज! शेकडो बाटल्या एकमेकींना धक्के देत पुढे सरकायच्या आणि छपराखाली सगळा कल्लोळ कोंडून राहायचा. नवीन आलेल्या बायका पहिल्याच आठवड्यात ओरडून ओरडून घसा बसवून घेत. जुन्या त्यांच्याकडे बघून हसत आणि मग त्यांना पट्ट्यावरचं बोलणं शिकवत.

पट्ट्यावरचं बोलणं म्हणजे आवाजाला रजा. तोंड मोठं उघडायचं, एकेक अक्षर ओठांनी घडवायचं आणि समोरचीने ते डोळ्यांनी ऐकायचं. त्यात मजाही होती. मुकादम पाठमोरा असला की त्याच्या मागे उभं राहून त्याच्या टकलापासून त्याच्या सासूपर्यंत सगळ्यांचा उद्धार करता येई आणि त्याला पत्ता लागत नसे. खोट एकच होती. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. एकदा थोरलीने पट्ट्यापलीकडून सांगितलं, "घरी मामा आलेत." धाकटीने वाचलं, "घरी बाबा आलेत." बाबांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. धाकटीच्या हातातली बाटली गळून फुटली, पट्टा थांबवावा लागला आणि मुकादमाने दोघींना फैलावर घेतलं. त्यानंतर कितीतरी वर्षं, काही नको असलेलं समोर आलं की थोरली नुसते ओठ हलवून म्हणायची, "बाबा आले," आणि दोघी हसून हसून बेजार व्हायच्या.

थोरलीचा नवरा लवकर गेला. धाकटीने लग्न केलं नाही. केलं नाही म्हणण्यापेक्षा ते राहून गेलं. थोरलीच्या मुलीला दोघींनी मिळून वाढवलं. पाळणा हलता असताना, पोरगी नुकती डोळा लागून पडलेली असताना, दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसून पट्ट्यावरचंच बोलत. पोर उठत नसे आणि गप्पाही अडत नसत. पोर मोठी झाली, शिकली, लग्न होऊन दूरच्या गावी गेली. कारखानाही बंद पडला. त्या दोघींचं बोलणं मात्र तसंच राहिलं. तिसरं कुणी नसलं की घरात ओठ हलायचे, आवाज नाही. खरं सांगायचं तर धाकटीला थोरलीचा आवाज फारसा आठवतही नसे. आठवायचं ते तिचं तोंड, हसताना डावीकडे किंचित वाकडं होणारं.

थोरली गेली ती दुपारी, पडल्या पडल्या, कुणाला त्रास न देता. भाची आली, काही दिवस राहिली, कपाटं आवरली, जाताना मावशीला मिठी मारून गेली. दार लावून धाकटी आत आली, आणि तिला ऐकू आलं.

दूर कुठेतरी बाटल्या चालल्या होत्या.

आधी तिला वाटलं, फ्रिज. तिने फ्रिजचं बटण बंद केलं. मग वाटलं, नळ. मग खिडकी लावली, मग उघडली. शेवटी दोन्ही कानांवर हात दाबून धरले, तर आवाज आणखी जवळ आला. तेव्हा कळलं की तो बाहेर नाही.

त्या दिवसापासून तो तिचा मुक्कामी पाहुणाच झाला. डोळे उघडायच्या आधी ती कान लावून बघे, आहे का? असायचाच. आयुष्यभर खोट शोधण्याची सवय. तिला त्या आवाजाखेरीज दुसरं काही सापडेना.

आणि त्याच सुमाराला जगानेही तिच्याशी अबोला धरला. वाणी पूर्वी तास तास गप्पा मारायचा. आता तो तिच्या तोंडाकडे टकामका बघे, बरणीकडे बोट दाखवून भुवया उडवी आणि पुडी बांधून देई. शेजारीण जिन्यात भेटली की हसून बाजूला होई. खालच्या मजल्यावरचा शिंपी, एक नंबरचा बोलभांड माणूस, तोही मशीन थांबवून नुसता मान डोलावी आणि पुन्हा पायडल मारू लागे. धाकटी मनाशी म्हणाली, बरोबर आहे. माणसं थोरलीशी बोलत होती. मी आपली तिच्या मागे उभी असायचे.

भाचीचा मात्र दर रविवारी फोन येई. धाकटी सगळं सांगत बसे, गुडघ्याचं, कानाचं, तिच्या आईच्या पातळांचं. पण पोरीला घाई असावी. "मावशी? हॅलो? आहेस ना तू? बरं, नसेल बोलायचं तर राहू दे," असं म्हणून ती थोड्या वेळात फोन ठेवी. संसार आहे, कामं असतील, असं म्हणून धाकटी ते सोडून देई.

एका रविवारी भाची म्हणाली, "मावशी, ऐक. आमच्याकडे मागची खोली मोकळी केलीय. तू इकडे ये राहायला. कायमची. मी आग्रह करत नाही, तू फक्त हो म्हण. मी येऊन घेऊन जाते."

धाकटीचा ऊर भरून आला. ती म्हणाली, "हो गं बाई. हो. कधीही ये, मी तयारच आहे." आणखीही पुष्कळ बोलली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग भाची म्हणाली, "ठीक आहे मावशी. कळलं मला." आणि फोन ठेवला.

धाकटीने त्याच दिवशी बॅग भरली. चार पातळं, औषधं, थोरलीचा चष्मा. बॅग दाराशी ठेवली. आठवडा गेला, महिना गेला. भाची आली नाही, रविवारचा फोनही बंद झाला. हो म्हटल्यावर पोरीला धसका बसला असेल, तोंडदेखलं विचारलं असेल, आपण मेलं लगेच ओढून घेतलं. उलट फोन करून गळ्यात पडायचं धाकटीच्या जिवावर आलं. बॅगेवर धूळ बसायची, ती पुसायची आणि बॅग होती तिथेच ठेवायची.

कानातला आवाज असह्य झाला तेव्हा ती कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई तरुण होत्या. त्यांनी कान तपासले, काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले, मग समोर खुर्ची ओढून बसल्या.

"आजी, कारखान्यात होता ना? कानाच्या आत नाजूक केस असतात, त्यांतले पुष्कळ झिजलेत. तिकडून येणारे आवाज कमी झाले. मग मेंदू काय करतो, स्टेशन नीट लागलं नाही की आपण रेडिओचं बटण पिळतो ना, तसं पिळतो. त्याची ही खरखर आहे."

जाईल का, असं धाकटीने विचारलं. बाई पुढे वाकल्या. "काय म्हणालात? घसा बसलाय का तुमचा?" धाकटीने मान हलवून नाही म्हटलं. बाईंनी तरी कागदावर चघळायच्या गोळ्या लिहिल्या आणि तिच्या मनातलं ओळखून म्हणाल्या, "पुष्कळांचा कमी होत जातो. सगळ्यांचाच होतो असं नाही, आणि कधी ते सांगता येत नाही. कान आहे तसाच राहतो. पण हा आवाज भीतीचा नाही आणि कामाचाही नाही, हे मेंदूला हळूहळू पटतं, आणि मग तो लक्ष द्यायचं सोडतो. फक्त अगदी शांततेत बसू नका. खिडकी उघडी ठेवा, पंखा चालू द्या. आणि आजी, त्याच्यावर पाळत ठेवू नका."

घरी येताना धाकटीला तिचं पट्ट्यावरचं पहिलं वर्ष आठवलं. सुरुवातीला प्रत्येक बाटली दिसायची, डोळे भणभणायचे. मग कधीतरी चांगल्या बाटल्या दिसायच्याच बंद झाल्या. समोरून तर जात होत्या, पण नजर अडायची ती फुटकीशी. चांगल्या बाटल्या दिसू नयेत म्हणून तिने कधी काही केलं नव्हतं. नुसती रोज तिथे बसत होती.

तेव्हापासून तिने खिडकी उघडी ठेवली. खालून शिंप्याच्या मशीनची खडखड यायची, त्याच्या शिव्या, त्याचं खोकणं. ती गोळ्या चघळत बसायची. दिवस असेच गेले, उन्हाचा पट्टा भिंतीवरून खाली सरकून जमिनीवर आला, पुन्हा भिंतीवर चढला. सकाळी उठल्याबरोबर कान लावायचं ती एक दिवस विसरली. मग आणखी काही वेळा विसरली.

आणि एका दुपारी ती भांडी पुसत होती. काचेचा पेला बाटलीच्या सवयीने उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "हिची कड उडालीय."

खोलीत कुणीतरी बोललं होतं.

धाकटी गर्रकन वळली. थोरलीची खुर्ची रिकामी होती. ती तशीच उभी राहिली, मग भीत भीत म्हणाली, "कोण आहे?" आणि तो आवाज तिच्याच गळ्यातून आला, जाडसर, गंजलेल्या बिजागरीसारखा. तिने कान लावला. बाटल्या नव्हत्या. शोधल्यावर अगदी लांब, एखाद-दुसरी किणकिण सापडली, एवढंच.

पेला हातात घेऊन ती तशीच खाली गेली.

"मास्तर," ती म्हणाली, "जरा बोलायचं होतं."

शिंप्याचा पाय पायडलवर थांबला. तोंडातल्या टाचण्या त्याने तळहातावर काढून घेतल्या. "अहो, तुम्हाला वाचा आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? थोरल्या गेल्यापासून तुम्ही येता, एवढालं तोंड उघडता, बंद करता आणि जाता. आम्ही म्हटलं घशाचं काही ऑपरेशन झालं असेल. माझी बायको म्हणाली, विचारू नका हो, वाईट वाटेल. वाणी तर म्हणतो, मला आता म्हातारीच्या ओठांवरनं डाळ कळते, पण पोहे की मोहरी ते नाही कळत."

धाकटी बाकावर बसली. सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं. डोक्यात पट्टा चालू होता, म्हणून तोंडाने आपला जुना शिरस्ता धरला होता. एवढ्या गोंगाटात आवाज कोण वाया घालवतो? ती रोज बोलत होती, पोटभर बोलत होती, पट्ट्यावरचं. आणि पट्ट्यापलीकडे कुणी नव्हतं.

"मास्तर," ती म्हणाली, "पट्ट्यावरचं बोलणं फोनवर कसं ऐकू जाणार हो?"

शिंप्याला काही कळलं नाही. "नाहीच जाणार," तो समजुतीने म्हणाला.

वर येऊन तिने बॅगेकडे बघितलं आणि भाचीचा नंबर फिरवला.

"हॅलो?"

"मी बोलतेय गं."

पलीकडे इतका वेळ कुणी बोललं नाही की धाकटीला भीती वाटली, आवाज पुन्हा गेला की काय. मग भाची हलकेच म्हणाली, "पुन्हा बोल."

"मी मावशी. ऐकू येतंय ना?"

"येतंय. क्षणभर मला आईच वाटली." तिने नाक ओढलं. "तेव्हा का नाही बोललीस? फक्त हो म्हण म्हटलं होतं मी. तू मूग गिळून गप्प. मला वाटलं, आईच्या शेवटी मी जवळ नव्हते म्हणून तू माझ्यावर राग धरलास."

"हो म्हटलं होतं मी. अगं, पुष्कळदा म्हटलं होतं. पट्ट्यावरचं म्हटलं."

भाचीला समजवावं लागलं नाही. त्या घरात वाढलेली पोर ती. झोपेचं सोंग घेऊन दाराच्या फटीतून दोघींचे हलते ओठ तिने कितीदा बघितले होते. ती हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मग शांत झाली आणि म्हणाली, "मावशी, ती खोली... सासूबाई आल्यात गं राहायला. त्यांना आता खोली सोडा कसं म्हणू? मी काय करू?"

"काही करू नकोस," धाकटी म्हणाली. "बाबा आले."

"काय?"

"काही नाही. तुझ्या आईचं एक होतं. सांगते."

आणि तिने ती मामा-बाबांची गोष्ट सांगितली, बाटली फुटल्यासकट, मुकादमाच्या टकलासकट. आवाज चिरकत होता, मध्येच फाटत होता. भाची म्हणत होती, "मग? मग काय झालं?" खिडकीत अंधारून आलं, खाली शिंप्याने दुकानाची फळी लावली.

फोन ठेवल्यावर धाकटीने दिवा लावला आणि बॅग उघडली. पातळं कपाटात ठेवली, औषधं फडताळात. थोरलीचा चष्मा पुसून उजेडाकडे धरला. बघायचं म्हणून बघितलं. काच चांगली होती.

भाचीच्या रविवारच्या फोनला अजून पाच दिवस होते. तिने खुर्ची खिडकीशी ओढली, आणि घसा खाकरून, कुणी नसताना, मोठ्याने म्हणून बघितलं, "हो."