चर्चच्या वळणावर

एल्डन कॉर्कमला या सगळ्यातून मिळून मिळून काय मिळणार होतं? रेडिओचं चिन्ह छापलेला कॉफीचा एक मग, देशभर एकदा आपलं नाव, आणि लुननबर्गला राहणाऱ्या बहिणीच्या नवऱ्याला ‘बघ, सांगत नव्हतो?’ असं म्हणायची सोय. बस. घालवण्यासारखं मात्र त्याच्याकडे पुष्कळ होतं. ते कुठे ठेवलेलं आहे, हे एकटा तो सोडून सगळ्या गावाला माहीत होतं.

“ओलीव्ह, वाच. मोठ्यानं वाच,” असं म्हणत त्यानं माझ्या दुकानाच्या फळीवर एक कागद ठेवला. हॅलिफॅक्सच्या रेडिओ केंद्राकडून आलेली मेल त्यानं माझ्याच प्रिंटरवर छापून घेतली होती.

मी वाचलं. आमचा दुपारचा कार्यक्रम येत्या शुक्रवारी तुमच्या गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमधून थेट होईल. तुमचा ब्लॉग आम्ही आवडीनं वाचतो. अख्खं गाव सार्वजनिक रेडिओ ऐकतं, असं गाव आम्हालाही पाहायचं आहे.

क्लाइड हिमेलमन कॉफीच्या यंत्रापाशी उभा होता. हा लॉबस्टर पकडतो, आणि उरलेला वेळ माझ्या दुकानात काढतो.

“अख्खं गाव ऐकतं? हे कोणी सांगितलं त्यांना?”

“मी. ब्लॉगवर किती वेळा लिहिलंय! तीस वर्षं बोटीवर होतो, क्लाइड. आपल्या माणसांची एक गाडी दाखव, जिच्यात दुसरं काही लागलेलं होतं. तुझ्या ट्रकात तर एक दिवस चुकला नाही.”

क्लाइडनं कॉफीवर फुंकर घातली. कॉफी केव्हाच गार झाली होती.

“हो,” तो म्हणाला. “ते आहेच.”

एल्डन कागदाची घडी खिशात घालून गेला. दाराची घंटा वाजायची थांबली, तशी मागच्या फळीपाशी मीठ शोधणारी व्हर्ना झ्विकर बाहेर आली.

“झालं? आता काय करायचं?”

आमच्या गावाला नदीवर पूल नाही. या काठापासून त्या काठापर्यंत पोलादी तार टाकलेली आहे आणि तिला धरून एक सपाट बोट गाड्या घेऊन जाते-येते. एल्डन त्या बोटीवर होता. गाड्या नीट लावून घ्यायच्या, मागे साखळी अडकवायची, पलीकडे गेल्यावर साखळी काढायची. कामावर कानाला काही लावायचं नाही, असा नियम होता. म्हणून तो गाड्यांच्या खिडक्यांपाशी उभा राहून त्यांचा रेडिओ ऐकायचा. पण नदी ती केवढीशी! बुडालेल्या जहाजाची गोष्ट ऐन रंगात आलेली असायची आणि काठ यायचा. गाडी गोष्ट घेऊन डोंगर चढून जायची.

एका हिवाळ्यात तो पाद्री बार्कहाउसांच्या गाडीच्या खिडकीशी वाकला होता. काठ आला, साखळी निघाली, पाद्रीबाबा निघाले. आरशात त्यांना दिसलं, की एल्डन बर्फातून गाडीच्या बाजूनं चार पावलं धावला आणि मग ओशाळून थांबला. त्या रविवारी प्रवचन झाल्यावर पाद्रीबाबा म्हणाले, “तो माणूस दिवसभर आपल्यासाठी वाऱ्यात उभा असतो. नदी ओलांडेपर्यंत त्याच्या आवडीचा रेडिओ लावला, तर आपल्या बापाचं काय जातं?”

तेव्हापासून गावाची रीतच पडली. बोटीकडे जाताना चर्चच्या वळणावर बटण फिरवायचं, सार्वजनिक रेडिओ लावायचा, खिडकी खाली करायची. पलीकडचा चढ संपला, की पुन्हा आपलं गाणं, आपली हॉकी. नवीन लग्न होऊन आलेल्या सुनेला चुलीआधी हे शिकवलं जायचं. थंडीत उघड्या खिडकीनं माझा डावा कान तेव्हापासून दुखतो.

पण एल्डनला शेवट हवा असायचा. दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन विचारायचा, “मग काय झालं त्याचं?” आता चढ संपल्यावर ऐकलंय कोणी? पण ‘माहीत नाही’ म्हणावं तर बिंग फुटणार. म्हणून ज्यानं त्यानं आपापल्या स्वभावाप्रमाणे शेवट रचले. व्हर्नाच्या गाडीतली माणसं हटकून मरायची. क्लाइडच्या ट्रकातली सगळी वाचायची. उत्तरेकडे लसी घेऊन निघालेला एक डॉक्टर होता. त्याचं विमान बर्फात उतरलं आणि तो पायी निघाला, तेवढ्यात काठ आला. क्लाइडनं दुसऱ्या दिवशी त्याला सुखरूप घरी पोचवला, वर त्याच्या बायकोनं केलेलं मटणाचं सूपही पाजलं. एल्डन त्या दिवशी प्रत्येक गाडीला ते सूप सांगत होता.

निवृत्त झाल्यावर तो पहिल्यांदा कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकायला लागला, आणि ते सुख त्याच्या पोटात मावेना, म्हणून ब्लॉग लिहायला लागला. आज बागकामवाल्या बाईंनी टोमॅटोवरच्या किडीबद्दल सांगितलं आणि शेवटी स्वतःचे टोमॅटोही गेले, हे प्रामाणिकपणे कबूल केलं. काल त्यांच्याच टीव्हीवर कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायचा, सामना चार तास दाखवला, मध्ये कोणी घाई केली नाही. हवामानाच्या नकाशात आपलं गाव नेहमी तो दाखवणाऱ्या निवेदिकेच्या कोपराखाली येतं, तरी ती सभ्य बाई आहे. आणि दर आठवड्याला न चुकता एक वाक्य: जाहिरात नाही, एकही नाही, ही करातून मिळालेली शांतता आहे. वाचणारे मूठभर, तेही दूरच्या सस्कॅचवान प्रांतातले. गावात कोणी वाचत नव्हतं. वाचलं असतं, तर शुक्रवारी जे झालं ते झालं नसतं.

बुधवारी सगळे दुकानात जमले, परीक्षेच्या आधी पोरं जमतात तसे.

“खरंच ऐकणारा कोणी आहे का आपल्यात?” मी विचारलं.

“माझ्या मक्याच्या शेतात रेडिओ दिवसरात्र चालू असतो,” व्हर्ना म्हणाली. “कणसं चोरणाऱ्या रॅकूनांसाठी. गाणी लावली, तर मेले बसून जेवतात. चर्चा लावली की पळतात.”

“म्हणजे गावातले खरे श्रोते रॅकून,” क्लाइड म्हणाला.

“तू हसू नकोस. तुझं काय ते ठरव. आवडता कार्यक्रम म्हणून मी बागकाम घेतलंय.”

“मग मी विज्ञान घेतो.”

“विज्ञान! अरे, तुला अजून मायक्रोवेव्हची भीती वाटते.”

“ती वेगळी गोष्ट आहे, व्हर्ना. त्याचा आवाज चांगला नाही.”

“क्लाइड,” मी म्हटलं, “तू काहीच बोलू नकोस. मागे बस. ब्लूबेरीची पाई खा. कोणी विचारलं तर तोंड भरलेलं ठेव.”

शुक्रवारी हॉल भरला. साउरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, होता, सॉसेज होते, ब्लूबेरीच्या पाई ओळीनं मांडल्या होत्या. एल्डननं अंत्यविधीचा कोट घातला होता. निवेदिका ग्वेन मॅकाइझॅक आवाजावरून वाटायची त्यापेक्षा बुटकी निघाली. तिनं एल्डनला शेजारी बसवलं आणि कानाला हेडफोन लावले. इतकी वर्षं ज्याच्या कानाला काही लावायची बंदी होती, त्याचे दोन्ही कान झाकले गेले. तो हातांनी ते चाचपत होता, टोपी चाचपावी तसा.

सुरुवात छान झाली. त्यानं बोटीच्या गोष्टी सांगितल्या. व्हर्नानं टोमॅटोची कीड पार पाडली. मग बाई माइक घेऊन उठल्या आणि सरळ मागे गेल्या, कारण मागे एक मोठा माणूस एकटा पाई खात बसला होता.

“आणि तुम्ही? तुम्हाला आमच्या रेडिओवर सगळ्यात काय आवडतं?”

क्लाइडनं घास गिळला. घासाबरोबर विज्ञानही गिळलं.

“ती… टायरवाल्यांची जाहिरात,” तो म्हणाला. “कुत्रा भुंकतो ती.”

पहिला हसला तो एल्डनच. “क्लाइड! अरे, आपल्याकडे जाहिराती नसतात रे!” तो माइकमध्ये हसत होता, देशभर हसत होता. मग त्याचं हसू आवाज कमी करावा तसं कमी कमी होत गेलं.

“क्लाइड, ती जाहिरात तू कुठे ऐकलीस?”

“ब्रिजवॉटरच्या स्टेशनवर. ते कंट्री गाणी लावतात ना, तिथे.”

“पण तुझ्या ट्रकात तर…”

क्लाइडला एक खोटं कसंबसं जमतं, दुसरं जमत नाही. लालबुंद होऊन तो म्हणाला, “ते तुझ्यासाठी लावायचो, एल्डन. बोटीपुरतं.”

“तू एकटाच?”

 शेवटी व्हर्ना उभी राहिली. तिनं हातरुमाल मुठीत आवळला होता.

“सगळेच, एल्डन. चर्चच्या वळणावर बदलायचो.”

“पाद्रीबाबासुद्धा?”

“त्यांनीच तर सुरू केलं.”

एल्डननं हेडफोन काढले आणि समोर ठेवले. मागे क्लाइड अजून उभाच होता, हातात काटा.

“आणि तो विमानवाला डॉक्टर?” एल्डननं विचारलं. “बर्फातून चालत निघालेला? पोचला म्हणाला होतास.”

“मला काय ठाऊक रे,” क्लाइड म्हणाला. त्याचा आवाज पोराचा झाला होता. “पोचला असेल. मला वाटलं, पोचावा.”

त्यानंतर हॉलमध्ये जी शांतता झाली, ती या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत साऱ्या देशानं ऐकली असणार. बाईंच्या हातात माइक होता, पण त्या काही बोलल्या नाहीत. मग एल्डन पुढे वाकला.

“बाई, तुमची वेळ चाललीय,” तो म्हणाला. “यांना पाईबद्दल विचारा. पाईच्या बाबतीत ही माणसं खोटं बोलत नाहीत.”

लोक हसले. पुढचा वेळ ब्लूबेरीवर गेला. संपल्यावर बाईंनी त्याला मग दिला, हात हातात घेऊन काही बोलल्याही. तो मान हलवत राहिला आणि कोणासाठी न थांबता घरी गेला. हा मग टेबलावरच राहिला होता; मी तो दुकानात आणून ठेवला.

शनिवारी सकाळी सगळं गाव माझ्या दुकानातल्या संगणकाभोवती उभं होतं. एल्डनचा ब्लॉग गावानं पहिल्यांदा वाचला तो असा. त्यानं थोडंच लिहिलं होतं:

‘कालचा दुपारचा कार्यक्रम आमच्या गावाहून झाला. ध्वनी स्वच्छ होता. मध्ये एक मोठी शांतता आली. रेडिओवर अशी शांतता सहसा ठेवत नाहीत, कोणीतरी घाईनं भरून टाकतं. ती ठेवल्याबद्दल निवेदिकेचे आभार. गावचे लोक चांगले बोलले. मी शेवटपर्यंत ऐकलं.’

“रागावलाय,” क्लाइड म्हणाला.

“रागावला असता तर ध्वनी स्वच्छ होता असं लिहिलं असतं का?” व्हर्ना म्हणाली. पण तिलाही खात्री नव्हती.

पुढचे काही दिवस तो दिसला नाही, आणि इकडे गावाची पंचाईत झाली. चर्चच्या वळणावर हात सवयीनं बटणाकडे जायचे आणि हवेत थांबायचे. बोटीवर आता दुसरा माणूस होता, त्याला कशाचं काही नव्हतं. तरी एल्डन कामावर नसतानाही आम्ही बटण फिरवतच आलो होतो, हे आमचं आम्हालाच तेव्हा कळलं.

मंगळवारी मी माल आणायला निघाले. बोटीवर क्लाइडचा ट्रक पुढे, माझी गाडी मागे. साखळी लागणार तेवढ्यात एल्डन पायी आला. त्याला पलीकडे डॉक्टरकडे जायचं होतं. तो कठड्याला धरून उभा राहिला. क्लाइडनं घाबरून रेडिओ बंदच करून टाकला. मीही केला. तारेचं करकरणं तेवढं ऐकू येत होतं.

नदीच्या मध्यावर एल्डन कठडा सोडून ट्रकापाशी आला आणि जुन्या सवयीनं खिडकीशी वाकला.

“बंद का केलास?”

“असंच.”

“तू काय ऐकतोस, ते लाव.”

“अरे, ते टुकार असतं. एल्डन, जाऊ दे ना…”

“लाव म्हणतोय ना.”

क्लाइडनं लावलं. आधी टायरवाले आले, कुत्रा भुंकला. एल्डननं तेही मान देऊन ऐकलं. मग गाणं सुरू झालं. एक माणूस बायको, घर आणि ट्रक गमावतो आणि सगळ्यात जास्त ट्रकसाठी रडतो, असलं काहीतरी. एल्डन खिडकीच्या कडेवर हात ठेवून उभा होता, टोपी वाऱ्यानं जाऊ नये म्हणून काखेत धरलेली. गाणं ऐन मध्यावर आलं आणि काठ लागला. साखळी निघाली.

क्लाइडनं गाडी सुरू केली नाही.

मी मागे होते. माझा माल खोळंबला होता, पण मी हॉर्न वाजवला नाही. माझ्यामागेही कोणी वाजवला नाही. बोटीवरचा नवा माणूस हात हलवून थकला. गाणं पुढे गेलं, कडवं आलं, धृपद आलं, ते पुन्हा आलं, आणि शेवटी त्या माणसाला बहुधा ट्रक तेवढा परत मिळाला.

एल्डननं ट्रकाच्या टपावर दोनदा थाप मारली.

“शेवट बरा आहे,” तो म्हणाला, टोपी घातली आणि चढाला लागला.

आता हिशेब. इतकी वर्षं सगळ्या गावानं मिळून त्याला नदीएवढं काही दिलं होतं, ते त्यानं एका गाण्यात फेडलं. बर्फातल्या त्या डॉक्टरच्या शेवटाचं देणं क्लाइडकडे अजून आहे आणि राहील. आणि गाणं संपेपर्यंतचा जो वेळ गेला, तो भरला पलीकडच्या काठावर बोटीसाठी ताटकळलेल्या गाड्यांनी. ते लोक परगावचे होते. आपण कशासाठी थांबलो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.