नेलेले आणि ठेवलेले

आईने खुर्चीच्या पाठीवरचा शर्ट उचलला, खिडकीपाशी नेला आणि त्याची बटणं पाहिली. वरपासून खालपर्यंत सगळी लावलेली होती.

"बघ," ती दारात उभ्या असलेल्या लेकीला म्हणाली. "बटणं लावलेलीच आहेत. यातून अलगद उचललंय त्यांना."

"बाबा शर्ट डोक्यावरून काढायचे, आई. बटणं सोडायचा कंटाळा. चाळीस वर्षं तू त्यावरून त्यांना बोलत आलीस."

"ते वेगळं," आई म्हणाली.

दुपारचे चार वाजले होते. आई रोज जेवण झाल्यावर आडवी व्हायची. उठल्यावर शेजारचा पलंग रिकामा दिसला की तिच्या मनात एकच गोष्ट यायची. प्रभू येऊन गेला, आपल्या माणसांना वर घेऊन गेला आणि ती मागे राहिली. लहानपणी तिच्या वडिलांच्या घरी भिंतीवर कापडाचा एक लांबलचक तक्ता होता. त्यावर जगाच्या शेवटच्या सात वर्षांचे रंगीत चौकोन होते. पहिल्या चौकोनाच्या आधी वर जाणारी पांढरी माणसं होती आणि खाली रस्त्यात पडलेले त्यांचे कपडे. हल्ली आई काल काय झालं ते विसरायची, सकाळचंही विसरायची. तो तक्ता मात्र तिच्या डोक्यात जागच्या जागी होता.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. दफनाच्या वेळी आई पहिल्या रांगेत बसली होती, सगळ्या गीतांचे शब्द तिला पाठ होते. त्यानंतरचे काही दिवस लेक तिला रोज खरं काय ते सांगत राहिली, आणि आई रोज ते पहिल्यांदाच ऐकत राहिली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमच्यासाठी ते एकदा झालं. त्यांच्यावर ते दुःख रोज कशाला आणता?" तेव्हापासून लेकीने सांगणं थांबवलं. त्याऐवजी काय सांगावं, ते तिला अजून सुचलं नव्हतं. सोमवारी तिची रजा संपत होती. सोमवारपासून आई झोपेतून उठेल तेव्हा जवळ सांभाळायला ठेवलेली एक अनोळखी बाई असणार होती.

"मी आहे ना इथे," लेक म्हणाली. "मी गेलेय का कुठे?"

आईने तिला नीट न्याहाळलं.

"तू राहिलीस त्याचं मला नवल नाही गं," ती हळूच म्हणाली. "प्रार्थनेला कधी पाऊल टाकलं नाहीस. सदा डोकं कादंबरीत."

लेकीला हसू आलं. आईला आलं नाही.

"पाळकसाहेबांना फोन लाव," आई म्हणाली.

चर्चच्या पाळकांना आता सवय झाली होती. पहिल्याच घंटीला त्यांनी फोन उचलला आणि पलीकडून मोठ्याने म्हणाले, "आहे, काकू! इथेच आहे मी! काही झालेलं नाही!"

आईने फोन लेकीच्या हातात दिला.

"हेसुद्धा राहिलेत," ती कुजबुजली. "म्हणजे बघ, परीक्षा किती कडक होती."

लेक फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिने दार लोटलं.

"मी तरी काय करू, सांग," पाळक म्हणाले. "परवा त्यांना समजावत होतो की जगाच्या अंताच्या भविष्यवाणीवर चार मतं आहेत. कुणी म्हणतं, हे सगळं पहिल्या शतकातच घडून गेलं. कुणी म्हणतं, तेव्हापासून आजपर्यंत घडतच आलंय. कुणी म्हणतं, सगळं अजून पुढे आहे. आणि कुणी म्हणतं, ते नुसतं चित्र आहे, कुठल्याही काळाला लागू पडणारं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, यातल्या कुठल्या मतात माझा नवरा घरी असतो?"

लेक ओट्याला टेकून उभी राहिली.

"तुझ्या बाबांची एक वही होती बघ," पाळक पुढे म्हणाले. "बायबलातल्या 'एकाला नेतील, एकाला ठेवतील' या उताऱ्याचा त्यांनी काहीतरी निराळाच अर्थ लावला होता. मला आता आठवत नाही. शोध, मिळाली तर."

बाबा बस डेपोत वेळापत्रकं आखायचे. जगाच्या अंताची तारीख काढून कुणी घरी आलं की ते त्याला चहा द्यायचे आणि म्हणायचे, "दिवसभर तेच करतो हो. घरी आणखी एक वेळापत्रक नको." आईच्या भीतीवर त्यांच्याकडे साधा उपाय होता. ते शेजारच्या पलंगावरून म्हणायचे, "मी राहिलोय. म्हणजे कुणीच गेलेलं नाही." आईला ते लगेच पटायचं. त्यांच्याइतकं चांगलं माणूस तिच्या ओळखीत दुसरं नव्हतं.

वही कपाटात मिळाली, बसमार्गांच्या जुन्या नकाशांखाली. लेकीने ते पान उभ्याउभ्याच वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हिला सांगायचं.' ती वही घेऊन आईजवळ गेली.

"बाबांनी लिहिलंय, ऐक."

आई पलंगाच्या कडेला बसली. लेक सावकाश वाचू लागली. शेतात दोघे असतील, एकाला नेतील, एकाला ठेवतील. दोघी दळत असतील, एकीला नेतील, एकीला ठेवतील. आपण धरूनच चालतो की नेलेले ते सुटले. पण हे बोलणं नोहाच्या महापुराच्या गोष्टीला लागून आलं आहे. तिथे माणसांना नेलं कुणी? पुराने. आणि ठेवलं कुणाला? नोहाबरोबर तारवात होते त्यांना. मग मागे राहिलो म्हणून घाबरायचं कशाला?

"कळलं ना, आई? राहणं वाईट नाहीच. ठेवलेले तेच वाचलेले."

 बायबलच्या वचनांच्या बाबतीत आईचं डोकं अजून तल्लख होतं.

"म्हणजे मी वाचले."

"हो."

"आणि नेलेले?"

लेकीने वहीत पाहिलं. नेलेले ते पुरात बुडालेले, हे उत्तर तिने आत्ताच वाचून दाखवलं होतं. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, मग पूर्ण तळहात ठेवला.

"मग हे कुठे आहेत?" आईने विचारलं.

'बाबा वारले, आई', एवढ्या तीन शब्दांत सांगता आलं असतं. 

आईने तिच्या हाताखालून वही ओढून घेतली, मिटली आणि उशीखाली सारली.

"चुकलेत हे," ती म्हणाली. "एवढ्या गाड्यांच्या वेळा लावल्या, कधी मिनिटाची चूक नाही. इथे चुकलेत. नेलेले ते वरच गेले. मी राहिले, तर राहू दे मला."

रोज या वेळी तिचे हात भीतीने गार पडलेले असायचे. लेकीने एक हातात घेऊन पाहिला. तो कोमट होता.

"तू तरी जायचंस त्यांच्याबरोबर," आई म्हणाली. "एकटेच गेले."

लेकीने हात सोडला नाही.

"मी खाली गेले होते," ती म्हणाली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, भावालाही नाही. "दवाखान्यात. औषधं आणायला. रांग होती. बाबाच म्हणाले, जा, मी आहे. वर आले तर परिचारिका पडदा ओढत होती."

आईने मान डोलावली, जुनीच गोष्ट ऐकल्यासारखी.

"सांगून येत नाही ते," ती म्हणाली. "कुणी शेतात असतं, कुणी दळत असतं. तू रांगेत होतीस."