‘हो’ म्हणणारी डिस्क

हिरवा ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा, एकदा लुकलुकला, विझला, मग पुन्हा लागला आणि तसाच लागून राहिला… आणि चित्रफितीत कडेनं आलेलं एक म्हातारं बोट त्याच्यावर रोखलं गेलं. बोटामागचा आवाज म्हणाला, “बघा ताई, झोपेतून उठवलं की ही डिस्क म्हणते, हो, मी तयार. पण हिची झोप उडालेली नसते. तेवढ्यात कामाला जुंपलीत तर पस्तावाल.”

हे पंखाकाका मागच्या हिवाळ्यात म्हणाले होते. तिनं तेव्हा ही चित्रफीत अर्ध्यातच बंद केली होती. मुलगी पोटात होती, पाय सुजलेले होते, आणि त्यांचं हे काही पहिलं ‘लांडगा आला’ नव्हतं. एकदा उंदरानं कुरतडलेल्या वायरीचं खापरही त्यांनी तिच्याच डोक्यावर फोडलं होतं.

पंखाकाका हे नाव तिनं ठेवलेलं. संगणकाच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, ठिकठिकाणची माणसं पत्रापत्रीतून काम करतात, त्या घोळक्यातले ते एक निवृत्त दंतवैद्य. स्वतः प्रोग्रॅमची एक ओळ लिहीत नाहीत. पण जुन्या डिस्क जमवायचा नाद, आणि प्रत्येक नवी आवृत्ती आपल्या खडखडणाऱ्या यंत्रावर चढवून बघायची खोड. पत्राखाली सही करतात : ‘एक जुना पंखा’. पत्रंही लांबलचक. डिस्कपासून सुरू होऊन शेजारणीच्या मांजरापर्यंत जाणारी.

डिस्कशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, कोणीतरी कधीकाळी एक थांबणं घालून ठेवलं होतं. डिस्क ‘हो’ म्हणाली तरी जरा थांबायचं. कशासाठी, हे कुणी लिहिलेलं नव्हतं. तिनं ते जळमट समजून झाडून टाकलं. यंत्रं चटकन उठायला लागली, आणि मुकादमानं (घोळक्यात ज्याच्या शब्दाशिवाय पान हलत नाही तो) चारचौघांत तिची पाठ थोपटली. आता नवी आवृत्ती आज संध्याकाळी सगळ्यांच्या हाती पडायची होती, आणि काल पंखाकाकांचं पत्र : जुन्या डिस्कवरच्या फायली यंत्र झोपून उठलं की फाटलेल्या निघतात, अर्धं पान आहे, अर्धं गायब. मुकादमानं सकाळी तोडून लिहिलं होतं की दुरुस्ती आली आणि त्या डिस्कवर चालली तर ठीक, नाहीतर तुझा बदल मुळासकट उपटतो. आणि ती डिस्क घोळक्यात एकाच माणसाकडे.

तिनं दुरुस्ती लिहिली. डिस्कच्या ‘हो’वर विसंबायचंच नाही, आधी तिच्याकडून एक तुकडा वाचून घ्यायचा, तो नीट आला तरच पुढे… सकाळीच पंखाकाकांना पाठवली. आता वाट बघणं. पडद्यावर काही हललं नाही की ती उठायची, आतल्या खोलीत जायची, झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरायची. बोटाला ऊब लागली की परत खुर्चीत. पुन्हा पडदा, पुन्हा नाक. सासूबाई दारात कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “पोर श्वास घेतंय गं. आता तू घे जरा.”

तिला हसू यायला हवं होतं. मुलीनं डोळे उघडले, तिनं झडप घालून उचललं, आणि पोर जे भोकाड पसरून रडलं… डोळे उघडले म्हणजे जागी झाली असं नसतं, सासूबाई पुटपुटल्या. आई, तेच लिहिलंय मी सकाळी, असं जिभेवर आलेलं तिनं गिळलं.

मूल खांद्यावर, एका हातानं तिनं पत्र उघडलं. आलं होतं.

‘हो चालतय’

तिनं ते तसंच मुकादमाकडे ढकललं. थोड्या वेळानं त्याचं उत्तर : घेतली दुरुस्ती, घोडं न्हालं एकदाचं, आता झोप काढ. इतरांच्या शाबासक्या एकामागून एक येत राहिल्या, आणि ती प्रत्येक वाचून झाल्यावर त्या दोन शब्दांकडेच परत येत होती. यंत्राच्या नोंदींचा लॉग नाही. सही नाही. मांजर नाही. अनुस्वारसुद्धा नाही… दुसऱ्यांच्या पत्रातले अनुस्वार दुरुस्त करून पाठवणारा माणूस.

तिनं त्यांचं कालचं पत्र काढलं. काल ते तिनं वाचलं होतं… म्हणजे त्यातल्या चुका नोंदवणाऱ्या ओळी शोधल्या होत्या, हव्या तेवढ्या उचलल्या होत्या, आणि ‘लॉग मिळाला, आभारी आहे’ असं लिहून मोकळी झाली होती. लॉगच्या वर, एवढंसं :

‘ताई, आज उजवा हात कीबोर्डवर ठेवला तिथं राहत नाही. तोंडाची एक बाजू सुन्न आहे. जन्मभर लोकांची तोंडं सुन्न केली, त्याचा सूड उगवत असावा कोणीतरी. असो. लॉग खाली.’

असो. ती ‘असो’पाशी अडकली. हात, तोंडाची एक बाजू… हा तर पक्षाघात. मुलीला तिनं सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. हात कसे गार पडलेत तुझे, असं त्या काहीतरी म्हणत होत्या. तिनं पंखाकाकांना लिहिलं, कसे आहात, डॉक्टरांना दाखवलंत का, नंबर द्या. मग पुन्हा लिहिलं. मुकादमाला विचारलं, त्याच्याकडे पत्ता नाही, नंबर नाही, खरं नावही नाही, कुणाकडेच नाही. झोपले असतील गं, तो म्हणाला. त्या दुरुस्तीत मी एका यंत्राच्या शब्दावर न विसंबण्याची एवढी तजवीज केली, आणि… नाही, हे आत्ता नको. रडायलाही आत्ता वेळ नाही.

चित्रफीत. तिनं ती पहिल्यांदा शेवटपर्यंत पाहिली, आवाज बंद करून, फक्त मागचं बघत. एक खिडकी. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीचा पिवळा जिना आणि गच्चीवर तांबडी टाकी. भिंतीला टेकवून ठेवलेली दातांच्या दवाखान्याची जुनी पाटी. नावावर रंग फासलेला. मग तिनं आवाज लावला : कुठेतरी शाळेची घंटा, आणि सगळं व्यापून उरणारी त्या यंत्राच्या पंख्याची खडखड… ती दाराबाहेरही ऐकू येत असणार.

ती म्हणजे मीच, आणि एवढंच आहे माझ्याकडे. तुमच्या इमारतीत असा कोणी असेल, एकटा, जुन्या डिस्कवाला, जिन्यात भेटला की सोडत नाही असा, तर हे वाचणं इथंच थांबवा आणि जाऊन या. बेल वाजवा, वाजवत राहा. दार उघडलं तर त्यांना काही विचारू नका. आधी दोन्ही हात वर करायला सांगा.