पप्पांच्या वाटची प्रार्थना

मित्रांनो, सध्या माझ्या डोक्यावर रंगाचे रिकामे डबे, दांडा मोडलेली छत्री आणि कांद्यांची टोपली आहे. त्यावरून तुम्ही मला मागच्या पडवीतली अडगळ समजाल. समजा बापडे! पण मी एक जुनं जेवणाचं टेबल आहे. पुष्कळ वर्षं एका घराची सगळी जेवणं माझ्यावर झाली. आणि त्या घरातलं सगळ्यात जड ओझंही एका संध्याकाळी माझ्यावरच उतरलं. ते भांड्यांचं नव्हतं. त्याचीच गोष्ट सांगतो.

मला एका सुताराने भाच्याच्या लग्नासाठी घडवलं. हात कसबी, पण लग्नाची घाई. त्या घाईत माझा एक पाय बाकीच्या तिघांपेक्षा सुतभर आखूड राहिला. "असू दे. संसारही सुरुवातीला डुगडुगतोच," असं म्हणून मामाने ती चूक आशीर्वादात खपवली. भाच्याने हसून पायाखाली जाड पुठ्ठ्याची घडी सारली. पुठ्ठ्याला त्याला काय तोटा? तो छापखान्यात मशीन चालवायचा. पुढे त्याला दोन मुली झाल्या आणि त्या त्याला पप्पा म्हणू लागल्या. ऐकून ऐकून मलाही तीच सवय लागली.

पप्पांच्या नखांत कायम शाई असायची. मुलींची आई रोज ओरडायची, "अहो, ते काळे हात टेबलावर नका ठेवू. आत्ताच पुसलंय!"

"धुतलेलेच आहेत गं. ही शाई आता माझ्याबरोबर स्वर्गातच जाणार."

"मग तिथलं टेबलही खराब कराल."

मी तेव्हा रुबाबात होतो. पाहुणे माझ्यावर हात फिरवून म्हणायचे, "काय गुळगुळीत लाकूड आहे!" आई मला कोरड्या फडक्याने पुसायची, गरम पातेल्याखाली आठवणीने फळी ठेवायची. थोरली ताई माझ्यावर अभ्यास करायची आणि धाकटी चिमणी माझ्याखाली घर-घर खेळायची.

हे घर येशूवर भरवसा ठेवणारं होतं. संध्याकाळी जेवणाआधी सगळे माझ्याभोवती बसायचे, डोळे मिटायचे आणि एकेकाने देवाचे आभार मानायचे. सुरुवात चिमणीपासून, कारण तिच्या पोटातले कावळे सगळ्यांच्या आधी ओरडायचे. "प्रभू येशू, न्हाणीतली पाल गेली म्हणून आभार. ती ताईच्या उशीखाली जाऊ दे. आमेन." मग ताई, मग आई, मग आजी, म्हणजे पप्पांची आई. आजीच्या प्रार्थनेत अख्खी गल्ली यायची आणि तोवर रस्सा निवायचा. सगळ्यात शेवटी पप्पा. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "प्रभू, आजच्या कामासाठी तुझे आभार." ते झालं, की लगेच चमचे वाजायला लागायचे.

एके दिवशी भर दुपारी दार उघडलं. मुली शाळेत होत्या आणि आजी आईला घेऊन दवाखान्यात गेली होती. पप्पा एकटेच आत आले. त्यांनी डबा माझ्यावर ठेवला, उघडला, पण एक घासही खाल्ला नाही. त्यांनी कपाळ माझ्या फळीला टेकलं.

"प्रभू," ते म्हणाले, "कामावरून काढलं रे मला. नवं मशीन आलं, त्याला एवढी माणसं लागत नाहीत. आता हिला कसं सांगू?"

मित्रांनो, अडचण अशी होती की घरात तिसरं बाळ येणार होतं. आईचा रक्तदाब वाढला होता. तिला कसलीही काळजी नको, नाहीतर तिला आणि बाळाला दोघांनाही धोका आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून पप्पांनी ठरवलं, नवी नोकरी मिळेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. ही बातमी फक्त मला कळली. आणि मी पडलो लाकूड!

त्या संध्याकाळी नेहमीसारखी पाळी फिरत पप्पांपर्यंत आली. "प्रभू, आजच्या..." एवढं म्हणून ते अडखळले. त्यांच्या हातांचा कंप माझ्यात उतरला. मी आखूड पायावर हललो आणि ताटांतले चमचे किणकिणले. "आमेन," पप्पा घाईने म्हणाले. आईने एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पप्पांचा घसा बसला होता म्हणे. त्यानंतर छापखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला म्हणे. बायकोशी खोटं बोलणं त्यांना कसंबसं जमलं. पण डोळे मिटून, हात जोडून, ज्याला सगळं दिसतं त्याच्यासमोर ते वाक्य म्हणणं त्यांना जमेना. मग त्यांनी प्रार्थनाच चुकवायला सुरुवात केली. दिवसभर कामासाठी दारोदार हिंडायचे, संध्याकाळी परत यायचे आणि बाहेर जिन्यात उभे राहायचे. आत चमचे वाजले, म्हणजे आमेन झालं, की मगच दार ढकलायचे. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर एकटेच चार घास चिवडायचे.

त्यांची नखं हळूहळू स्वच्छ झाली. मला त्या स्वच्छ नखांची फार भीती वाटायची.

आजी आईला म्हणाली, "देवाशी भांडलाय की काय हा? लहानपणी माझ्याशी भांडला की असाच जेवायला यायचा नाही."

"भांडण असतं तर परवडलं असतं हो," आई म्हणाली. तिने माझी कड घट्ट धरली होती. "मला दुसरीच भीती वाटतेय."

कसली, ते ती बोलली नाही. पण पुढच्या तपासणीत तिचा रक्तदाब आणखी चढलेला निघाला. "बाई, असंच राहिलं तर तुम्हाला दवाखान्यात भरती व्हावं लागेल," डॉक्टर म्हणाल्याचं आजी सांगत होती. ज्या काळजीपासून पप्पा तिला जपत होते, ती मागच्या दाराने घरात शिरली होती.

मग ती संध्याकाळ आली. रश्शाची वाफ माझ्यावर पसरली होती. चिमणीने आपली प्रार्थना संपवली, पण डोळे काही उघडले नाहीत.

"आता पप्पांच्या वाटची पण मीच करते," ती म्हणाली. "त्यांना वेळ नाही ना. प्रभू येशू, पप्पांच्या आजच्या कामासाठी तुझे..."

धाडकन दार उघडलं. पप्पा आत आले ते एक चप्पल पायात आणि एक जिन्यात.

"चिमणे, थांब! ते नको म्हणूस."

"अरे, प्रार्थना मध्येच तोडतोस?" आजी चिडली.

"तोडू दे आई. माझ्या वाटची मी करतो."

ते आपल्या जागेवर बसले. दोन्ही हात त्यांनी माझ्यावर ठेवले. पुन्हा चमचे किणकिणले, पण या वेळी पप्पा थांबले नाहीत.

"प्रभू, मला काम नाही. बरेच दिवस झाले. मी हिच्याशी खोटं बोललो. तुझ्याशी बोलता येईना, म्हणून तुला टाळलं. आज माझं खोटं या पोरीच्या तोंडी आलं, ते मला सोसवेना. मला फार भीती वाटते. आज आभार मानायला माझ्याकडे काही नाही, जे आहे ते हे एवढंच. आमेन."

आईचा हात पोटावर होता. मी चारही पाय रोवून उभा राहिलो, कारण ती कोसळली असती तर माझ्यावरच कोसळली असती.

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच म्हणजे? अगं, नोकरी गेली माझी."

"अहो, मला वाटलं तुम्हाला मोठं दुखणं लागलंय!" ती रडत होती आणि हसतही होती. "जेवत नाही, बोलत नाही, दिवसेंदिवस वाळत चाललाय. मी मनातल्या मनात तुमच्याशिवायचं घर मांडून बघत होते हो!"

"पण डॉक्टर म्हणाले होते, तुला काळजी नको..."

"काळजी नको म्हणाले होते. अंधारात ठेवा असं नव्हते म्हणाले."

आजीने चष्मा पुसला. "देवासमोर काय ठेवणीतले कपडे घालून जायचं असतं का रे? जसा आहेस तसा बसायचं. मला कमी दिसतं, त्याला नाही."

चिमणीचे हात अजून जोडलेलेच होते. "मग मी आभार कशासाठी मानू?"

पप्पांनी ते हात आपल्या हातांत घेतले. "पप्पा जेवायला आले, असं म्हण."

ती म्हणाली. सगळे आमेन म्हणाले. पप्पांनी त्या दिवशी इतक्या वेळा रस्सा मागून घेतला की ताई म्हणाली, "पप्पा, पातेलं तरी ठेवा!"

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी काम मिळालं असं मी सांगितलं, तर गोष्ट गोड होईल पण खोटी होईल. देवाने काम लगेच दिलं नाही. आधी झोप दिली, भूक दिली, हसू दिलं. आता पप्पा सगळ्यांबरोबर बसायचे आणि म्हणायचे, "प्रभू, आजही काम नाही. उद्या परत विचारतो." आणि खरंच, ज्याच्याकडे उद्या हक्काने जायचंय, त्याच्याशी बोलावं तसा त्यांचा आवाज निवांत असायचा. त्यांचे हात माझ्यावर नुसते पडून असायचे, ओली चादर वाळत घातल्यासारखे. आईचा रक्तदाब उतरला. डॉक्टरांनी विचारलं, "काय उपाय केलात?" आई म्हणाली, "नवरा जेवायला यायला लागला."

बाळ सुखरूप झालं. पुढे पप्पांना कागदी पिशव्यांच्या कारखान्यात काम लागलं. पहिल्यासारखं मोठं नाही, पण खरं. त्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा तेच जुनं वाक्य म्हटलं, "प्रभू, आजच्या कामासाठी तुझे आभार."

मग दिवस पालटले. घरात काचेचं टेबल आलं, मुली सासरी गेल्या, माझ्यावर कुणीतरी गरम इस्त्री विसरलं, त्याचा काळा डाग पडला. मी पडवीत आलो. पाऊस तिरका आला की भिजतो. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण ती संध्याकाळ माझ्या लाकडात मुरली आहे, तिला वाळवी लागत नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातलं टेबल कोरड्या फडक्याने पुसा, त्याच्यावर तापलेलं भांडं ठेवू नका, त्याला पावसात टाकू नका. आणि तुमच्या घरातलं कुणी जेवणाची वेळ चुकवायला लागलं, तर त्याच्यावर रागावू नका. दार उघडा, हाक मारा आणि थोडं सरकून त्याला जागा करून द्या. तो बसला, की बाकीचं तो आणि देव बघून घेतील.