जाळ्याची गाठ

बुधाचा उजवा हात गेला त्याला वर्ष होत आलं होतं, आणि या वर्षभरात निमेशने बुधाच्या घरची काकडी, दोडकी, वालाच्या शेंगा असं काय काय खाल्लं होतं. खाल्लं म्हणजे गिळलं. बुधाची बायको चिमी मासवणहून बोईसरला आली की पिशवी घेऊनच यायची. "तुमचं रगत हाय त्याच्या अंगात," असं म्हणून पिशवी हातात द्यायची. निमेश ती घ्यायचा, कारण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

निमेश नवापूरचा. बाप उभा जन्म होडीवर राबला, पण पोरगा डिप्लोमा करून तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कंपनीत लागला आणि शिफ्टचा सुपरवायझर झाला. त्याच्या हाताखाली एक सेंट्रीफ्यूज होतं. नाव भारदस्त, काम मात्र कपडे पिळणाऱ्या मशीनचं: ओली पावडर पिंपात घालायची, गरगर फिरवायची आणि कोरडी झाली की काढायची. झाकण उघडल्याबरोबर पिंप थांबावं म्हणून झाकणाखाली एक स्विच होता. माणसाचा हात वाचावा एवढ्याचसाठी तो तिथे होता, आणि तोच सगळ्यांच्या डोळ्यांत सलत होता. कारण झाकण उचललं की मशीन बंद, मग परत चालू करा, परत वेग येईपर्यंत ताटकळत बसा.

मॅनेजर इंद्रजीतसाहेबांना ताटकळणं मानवत नसे. वरून मालाचा तगादा असायचा. ते निमेशला म्हणाले, "त्या स्विचचं काहीतरी कर रे." काहीतरी म्हणजे काय, हे न सांगता सांगण्यात साहेबांचा हात धरणारा कोणी नव्हता.

आधी स्विचला चिकटपट्टी लावून पाहिली. मशीनच्या थरथरीने ती निघून यायची. मग निमेशने घरून जाळं विणायची हिरवी नायलॉनची दोरी आणली, स्विचची पट्टी दाबून धरली आणि बापाने शिकवलेली गाठ मारली. दोन वळसे द्यायचे आणि टोक खालून उलटं ओढून घ्यायचं. भरल्या जाळ्याचा हिसका बसला तरी ती गाठ सुटत नसे, तिथे मशीनच्या थरथरीची काय कथा! आता झाकण उघडं असो वा बंद, मशीनला ते बंदच वाटायचं. साहेबांनी येऊन दोरीला टिचकी मारून पाहिली आणि म्हणाले, "वा! शेवटी कोळ्याचं पोरगं." निमेशची छाती फुगली. तेव्हा त्याला खरोखरच अभिमान वाटला होता, आणि पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच अभिमानाची.

बुधा कंत्राटदाराचा माणूस. पावसाळ्यात मासवणला भाताचा तुकडा करायचा, एरवी मिळेल ते काम. निमेशनेच त्याला त्या मशीनवर उभं केलं. वेग कमी कर, झाकण उचल, पिंप मंदावलं की माल खरवड, असं शिकवलं. एके दुपारी पिंप पुरतं मंदावलं नव्हतं. खरवडणी अडकली आणि तिच्याबरोबर हात आत गेला.

निमेशनेच बुधाला गाडीत घातलं, निमेशनेच रक्त दिलं. इथवर त्याने माणसासारखं केलं. पण शुद्धीवर आलेल्या बुधाच्या उशाशी बसून तो जे बोलला, ते त्याला नंतर कधीही आठवलं की जेवण जात नसे.

"बुधा, ती दोरी मी बांधली हे कोणाला सांगू नको. माझी नोकरी जाईल. कंपनी तुला सगळं देईल, मी बघतो."

बुधाने पट्ट्या गुंडाळलेल्या हाताकडे पाहिलं, मग निमेशकडे पाहिलं. "नाय सांगत," तो म्हणाला. "शबूद हाय माजा."

त्या दिवशी निमेशचा जीव भांड्यात पडला.

कंपनीने चार दिवस फळं पाठवली. मग म्हणाली, हा आमचा माणूसच नव्हे, कंत्राटदाराचा आहे. कंत्राटदाराने फोन उचलणं सोडून दिलं. शेवटी चिमीने पालघरच्या एका वकीलबाईंना गाठलं. पूर्वी त्यांचं नाव, सगळे पूर्वी मॅडम म्हणत त्यांना. त्यांनी भरपाईचा दावा लावला आणि कंपनीचं खडबडून जागं होणं काय असतं ते तेव्हा दिसलं. कंपनीच्या वकिलाने उत्तर दिलं की झाकणाचा स्विच बुधाने स्वतःच बांधून ठेवला होता, काम लवकर उरकावं म्हणून.

त्या वकिलाने निमेशला इंद्रजीतसाहेबांच्या केबिनमध्ये बसवून, चहा पाजून समजावलं. "जिवाच्या रक्षणासाठी दिलेली सोय कामगाराने जाणूनबुजून मोडली, तर अशा दुखापतीची भरपाई द्यायला मालक बांधील राहत नाही. पण तीच सोय कंपनीच्या माणसाने मोडली असेल, तर सगळं आपल्या अंगावर येतं. दावा, दंड, फौजदारीसुद्धा. तेव्हा तुम्ही एवढंच सांगायचं, त्या पाळीत मशीनवर बुधा एकटाच होता."

"पण साहेब, तुम्ही बघितली होती ती गाठ," निमेश इंद्रजीतसाहेबांना कसंबसं म्हणाला.

"मी? मी काय बघितलं? बांध म्हणून मी कधी म्हटलं तुला?" साहेब अगदी मायेने बोलले. "तोंड उघडलंस तर तू एकटा अडकशील, निमेश. घरी म्हातारी आई आहे तुझ्या."

साहेब असे नामानिराळे झाले. आणि निमेशला कळून चुकलं की त्यानेच बुधाचं तोंड बंद करून एक जागा रिकामी ठेवली होती. गाठ कोणी मारली, या प्रश्नाच्या पुढची जागा. कंपनीने तिथे बुधालाच नेऊन बसवलं होतं.

साक्षीच्या आदल्या दिवशी निमेश रजा घेऊन घरीच होता. वकिलाने त्याच्या मोबाईलवर कंपनीने काढलेला फोटो पाठवला होता, उद्या ओळखायला म्हणून. स्विच, हिरवी दोरी आणि गाठ. बाहेर काठीवर बोंबील वाळत होते आणि त्याची आई येसूबाई ओट्यावर फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. निमेश फोटो बघत बसला तो किती वेळ, त्याचं त्यालाच भान नव्हतं. आई केव्हा मागे येऊन वाकली तेही कळलं नाही.

"अगो बाय! ही तं तुज्या बापाची गाठ," ती म्हणाली. "उलटी वढलेली. गावात दुसरं कोण मारीत नाय अशी. कोनाचे होरीवरची हाय?"

"होडीवरची नाय, आये. कंपनीतली हाय."

"मंग तूच मारलीस!" म्हातारीचा चेहरा उजळला. "मला वाटलं, कंपनीत जाऊन इसरलास. हात नाय इसरला रं तुजा."

तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत जाळ्याकडे गेली. "बुधासाठी जातोस ना उद्या? बरं केलंस. गरीब हाय तो."

आत्ता उठावं, पूर्वी मॅडमना फोन लावावा, असं त्याच्या मनात आलं. नंबर होता. चिमीनेच दिला होता. त्याने तो काढला, बघितला आणि मोबाईल उपडा ठेवला. उद्या बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं. सगळी संध्याकाळ तो एवढंच स्वतःला सांगत राहिला.

पालघरला कोर्टात आधी बुधाची साक्ष झाली. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि उजवी बाही पिनेने वर टाचलेली होती. शपथ घेताना त्याने डावा हात वर केला, मग चुकलं की काय म्हणून घाबरून चिमीकडे पाहिलं.

कंपनीचे वकील उठले. "स्विच दोरीने बांधलेला होता हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"म्हणजे तुम्हीच बांधलात."

"मी नाय बांधला."

"मग कोणी बांधला?"

निमेश मागच्या बाकावर होता. बुधाने एकदाच मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर निमेशला बरं वाटलं असतं. पण बुधा त्याला धीर देत होता, घाबरू नको म्हणत होता.

"मला म्हाईत नाय," बुधा म्हणाला.

"बघितलं नाही? रोज त्याच मशीनवर होतात तुम्ही!"

"नाय बघितलं. शपतेवर सांगतो, मला म्हाईत नाय."

पूर्वी मॅडमनी कपाळाला हात लावला. गेले कित्येक दिवस त्या बुधाला हेच विचारत होत्या आणि बुधा त्यांच्यापुढेही मिठाची गुळणी धरून बसला होता. कंपनीचे वकील समाधानाने खाली बसले. चिमी नवऱ्याकडे बघत राहिली.

मग निमेशचं नाव पुकारलं. तो पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. वकिलाने फोटो पुढे धरला आणि ठरल्याप्रमाणे विचारलं, "त्या पाळीत या मशीनवर कोण होतं?"

"बुधा होता," निमेश म्हणाला, आणि त्याच दमात, थांबलो तर परत धीर होणार नाही या भीतीने, पुढे बोलत सुटला. "पण ही गाठ माझी आहे. माझ्या बापाची गाठ आहे. आमच्या जाळ्याची दोरी आहे, मी घरून आणली. साहेबांनी स्विचचं काहीतरी कर म्हटलं म्हणून मी बांधली, आणि साहेबांनी ती बघून शाबासकी दिली. बुधाचा काही दोष नाही."

कोर्टात कुजबुज झाली. इंद्रजीतसाहेब पंख्याकडे बघू लागले. कंपनीचे वकील क्षणभर गडबडले, पण ते मुरलेले होते. "बुधाला हे माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

निमेशने बुधाकडे पाहिलं. एवढा विचार त्याने केलाच नव्हता. त्याला फक्त आपल्या मनावरचा भार उतरवायचा होता.

"होतं," तो म्हणाला. "मीच त्याला सांगू नको म्हटलं होतं. दवाखान्यात."

"नोंद व्हावी," वकील न्यायाधीशांना म्हणाले, "दावेदार आत्ताच, याच जागेवर, शपथेवर खोटं बोलला आहे. आता त्याच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवायचा?"

बुधाने मान खाली घातली.

बाहेर व्हरांड्यात पूर्वी मॅडम चिमीला समजावत होत्या. दावा बुडालेला नाही, उलट आता कंपनीला पळवाट अवघड आहे, पण बुधाला परत उभं करतील, खोटं का बोललास म्हणून सोलून काढतील, त्याची तयारी ठेवायला हवी. चिमी ऐकत होती. तिच्या पायाशी नेहमीची पिशवी होती, वर हिरव्या काकड्या दिसत होत्या.

निमेश जवळ गेला. "बुधा," तो म्हणाला, "मी खरं सांगितलं रे."

बुधा भिंतीला टेकून बसला होता. "मला खोटारडा म्हनला त्यो, सगल्यांसमोर," तो हळूच म्हणाला. "आमच्या गावात मला कोन खोटारडा नाय म्हनत, दादा."

निमेशला तोंडात मारल्यासारखं झालं. चिमीने पिशवी उचलली आणि खांद्याला लावली.

"काल सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "काल सांगितलं असतं तं त्याला खोटं बोलाया लागलं नसतं. त्याच्याकडं त्याचा शबूदच ऱ्हायला व्हता तेवढा."

तिने डावा हात धरून बुधाला उठवलं आणि दोघं जिना उतरून गेली. पिशवी तिच्याच खांद्यावर होती.