हे एकटे असताना वाचा

साताऱ्यात माणूस चार दिवस परगावी निघाला की घराला कुलूप लावतो आणि किल्ली शेजारी देतो. मग कुलूप लावायचंच कशाला, हा प्रश्न पुण्याच्या माणसाला पडतो, साताऱ्यात पडत नाही. कुलूप चोरासाठी असतं, किल्ली शेजाऱ्यासाठी. शेजारी तुळशीला पाणी घालतो, मांजर हुसकतो, टपाल आलं तर उचलून ठेवतो आणि पोस्टकार्ड असेल तर वाचूनही ठेवतो. पोस्टकार्ड उघडंच असतं. ते न वाचणं म्हणजे उलट तुसडेपणा.

पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले मधुकरराव कणसे नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत सांगलीला निघाले, तेव्हा त्यांनी हेच केलं. बायकोची थोरली बहीण विजयमाला न्हाणीत घसरून पाय मोडून बसली होती. धाकटीच्या हातची भाकरी पोटात गेल्याशिवाय हाड सांधत नाही, असं तिचं मत होतं, म्हणून क्षमाबाईंना जाणं भाग होतं. मधुकररावांनी किल्ली शेजारच्या नाथाजी साबळ्याच्या हातात ठेवली आणि रिक्षात बसता बसता सांगितलं, "नाथाजी, टपालाकडं लक्ष ठेव रे. दोन्ही."

दोन्ही म्हणजे दारातलं आणि कॉम्प्युटरातलं.

कॉम्प्युटर अख्ख्या गल्लीत एकच होता. मुलगी ज्ञानदा बंगलोरच्या कंपनीत होती. दिवाळीला येताना तिनं आपला कॉम्प्युटर ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून आणला, बाबांच्या टेबलावर मांडला, त्याला फोनची वायर जोडली आणि बाबांच्या नावानं ईमेलचं खातं उघडून दिलं. "पासवर्ड लक्षात ठेवायची भानगड नको बाबा," ती म्हणाली, "मशीनच लक्षात ठेवील. तुम्ही नुसतं बटण दाबायचं." मधुकररावांनी बटण दाबलं. पासवर्डाच्या चौकटीत सहा चांदण्या आपोआप उमटल्या आणि दार उघडलं. देव जसा देव्हाऱ्यात असतो, तसं खातं कॉम्प्युटरात असतं, अशी त्यांची त्या क्षणापासून समजूत झाली. पासवर्ड काय आहे, हे विचारावंसं त्यांना वाटलंच नाही. देवाला कुणी आधी ओळखपत्र दाखवतं का?

तेव्हापासून रविवार सकाळचं वाचन सुरू झालं. ज्ञानदाची पत्रं असायची इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठीत, आणि तसलं मराठी मनात वाचून कळत नाही, मोठ्यानं म्हणावं लागतं. मधुकरराव मोठ्यानं म्हणत. गल्ली चहा पीत ऐके. म्हणता म्हणता ते थोडं पदरचंही घालत. ही खोड जुनीच. दिवाळीच्या बऱ्याच आधी ज्ञानदा फोनवर म्हणाली होती, 'साहेब अमेरिकेचं काहीतरी बोलत होते,' आणि गल्लीनं ऐकलं होतं, 'जूनमध्ये अमेरिकेला निघतेय.' नाथाजीच्या बायकोनं, बयाबाईनं, तिथल्या थंडीसाठी लसणाची चटणी कुटायला घेतली, इथवर प्रकरण पोचलं. मधुकररावांनी तिला थांबवलं नाही. चटणी काय, घरात खपते.

सांगलीत आठवडा गेला. क्षमाबाईंनी भाकरीला जेवढा वेळ दिला, तेवढाच काळजीला दिला. "पोरीचा फोन नाही. इथला नंबर आहे तिच्याकडं. बघा की जरा तुमच्या त्या पेटीत काही आलंय का."

"पेटी साताऱ्यात आहे," मधुकरराव म्हणाले.

"कुठनं बी उघडती म्हणं ती," विजयमालाचे यजमान धोंडिरामबापू आतल्या खोलीतून म्हणाले. हे मधुकररावांचे साडू. मोटारपंपांच्या सुट्या भागांचं त्यांचं दुकान होतं, आणि गेली तीस वर्षं मधुकररावांचा एकही शब्द त्यांनी टोमण्याशिवाय जमिनीवर पडू दिला नव्हता. "तुमीच सांगितलंत की परवा जेवताना. जगात कुठं बी बसा, आपलं खातं उघडा! चला, आमाला बी दावा. अमेरिकेला कागद कसा जातो ते बघू."

विश्रामबागेत एका गाळ्यात एसटीडी, झेरॉक्स आणि इंटरनेट असं तिन्ही होतं. नीलिमा नावाची बाई ते चालवत होती आणि तिन्ही गिऱ्हाइकांना एकाच वेळी थांबा म्हणत होती. मधुकरराव खुर्चीत बसले. बापू मागं उभे राहिले, हात पाठीशी बांधून, वरात बघायला उभं राहावं तसे.

पान उघडलं. नावाची चौकट रिकामी. पासवर्डाची चौकट रिकामी. मधुकररावांनी बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"ह्या मशीनला चांदण्या येत नाहीत का हो?" त्यांनी विचारलं.

"कसल्या चांदण्या?" नीलिमा म्हणाली.

"आमच्याकडं आपोआप येतात. सहा."

"ते तुमच्या घरच्या मशीननं लक्षात ठेवलेलं असणार काका. इथं तुम्हाला टाकावा लागेल. पासवर्ड काय आहे?"

मधुकररावांनी थोडा विचार केला. मग शांतपणे विचारलं, "चांदणीचं बटण कुठलं?"

"शिफ्ट आणि आठ," ती म्हणाली. तिनं का म्हणून विचारलं नाही. त्यांनी वर नाव लिहिलं आणि खाली मोजून सहा चांदण्या टाकल्या. मशीननं इंग्रजीत सांगितलं की हे तुम्ही नाही.

"तुमाला ओळखत न्हाई म्हणतंय व्हय?" बापू म्हणाले. "हुशार मशीन हाय."

मधुकरराव उठले आणि फोनच्या काचेच्या खोपटात शिरले. खोपटाचं दार लागत नव्हतं. एरवी त्यांनी ते पायानं दाबून धरलं असतं, पण काही लपवण्यासारखं आपल्याकडं आहे हे त्यांना अजून माहीत नव्हतं. त्यांनी साताऱ्याच्या आपल्याच घरचा नंबर फिरवला. ह्या वेळेला नाथाजी तिथंच असणार. कॉम्प्युटरला दमट हवेनं बुरशी धरू नये म्हणून तो रोज संध्याकाळी तासभर चालू ठेवतो, असं त्यानं स्वतःच कबूल केलं होतं.

"हॅलो! कणशांचं घर!" नाथाजी ओरडला. तो एसटीत कंडक्टर होता. फोन कितीही लांबचा असो, आवाज मागच्या सीटपर्यंत पोचला पाहिजे, ही सवय.

"नाथाजी, मी. अरे, त्या कॉम्प्युटरवर पासवर्ड काय दिसतोय बघ जरा."

"चांदण्या दिसत्यात अण्णा. पर परवापास्नं आत घेत न्हाई. चुकीचा पासवर्ड म्हणतंय. आमी कायबी केलं न्हाई बरं का. पोरीला उत्तर टाकलं, आन् दुसऱ्या दिवशी बघतो तर दार बंद!"

"कुणाला उत्तर टाकलंस?"

"ज्ञानदाला. तिचं पत्र आलं न्हवं का."

"पत्र आलं, मग मला फोन नाही केलास?"

"आवं, तुमी म्हणाला लक्ष ठेव. ठेवलं. पयली वळच अशी हुती, की बाबा, हे एकटे असताना वाचा." नाथाजीनं जरा दम घेतला. "मी बयाला म्हटलं, एकट्यानं कसं वाचू, मला ते इंग्रजी अक्षरातलं मराठी वरडून म्हटल्याबिगर उमजत न्हाई. मग वाचलं वरडून. दोन-चार माणसं बसली हुती. रविवार हुता."

मधुकररावांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"काय लिहिलंय?"

"वाचून दाखवलं असतं, पर दार बंद. पाठ हाय मला. म्हणू?" आणि नकार यायच्या आत त्यानं म्हणायला सुरुवात केली, शाळेत कविता म्हणावी तशी, थांबायच्या जागी थांबत. "बाबा, हे एकटे असताना वाचा. कंपनीने मला काढले आहे. दिवाळीच्या आधीच काढले. तुम्ही सगळ्यांना अमेरिका सांगून बसला होता, म्हणून माझ्या तोंडून निघाले नाही. इथे दुसरे काही मिळत नाही. थोडे दिवस घरी येऊ का? आलेले चालेल का, तेवढे कळवा. गल्लीत काय सांगायचे ते तुम्ही ठरवा, मी तसे बोलेन."

बाहेर झेरॉक्सचं मशीन थांबलं होतं. बापू खोपटाच्या अगदी काचेशी नव्हते, पण लांबही नव्हते. नाथाजीचा आवाज तर मागच्या सीटपर्यंत पोचत होताच.

दिवाळीत तिनं कॉम्प्युटर आणला तेव्हा मधुकररावांनी गल्लीला सांगितलं होतं, 'बापाला भेट आणलीय.' आता त्यांच्या ध्यानात आलं, की ती भेट नव्हती. सामान होतं. बंगलोरहून पोरगी परत यायला निघाली होती आणि तिनं पहिलं गाठोडं पुढं पाठवलं होतं. ते त्यांनी टेबलावर मांडून त्यावर सभा भरवल्या.

"उत्तर काय टाकलंस?"

"एका बोटानं टाकलं, आख्खी दुपार गेली," नाथाजी म्हणाला, आणि ह्या ठिकाणी त्याचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "लिहिलं, पोरी, बाबा सांगलीला. काळजी करू नको. समस्त गल्ली तुझ्या पाठीशी हाय. बयानं चटणीचं बी लिहायला लावलं. इथं आल्यावर दिऊ म्हणाली. काय चुकलं का अण्णा?"

"नाही," मधुकरराव म्हणाले. "तुझं काही चुकलं नाही."

हे खरंच होतं, आणि तीच अडचण होती. नाथाजीवर ओरडता आलं असतं तर माणूस निम्मा सुटला असता. पण पत्र मोठ्यानं वाचायचं, रविवारी वाचायचं, माणसं जमवून वाचायचं, हे नाथाजीला शिकवलं कुणी?

त्यांनी फोन ठेवला आणि बंगलोरचा नंबर फिरवला. घरमालकिणीनं कानडीत काहीतरी म्हटलं, त्यातलं 'ज्ञानदा' तेवढं कळलं. मग बराच वेळ नुसती खरखर.

"बोला बाबा."

वाक्यं त्यांनी जुळवली होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "अगं, इथं सांगलीत पासवर्ड मागतायत."

"बदललाय मी," ती म्हणाली. "खातं मीच उघडलं होतं, म्हणून इथून बदलता आला. गल्लीला सांगा, माफ करा म्हणावं."

"ज्ञानू..."

"तुम्ही वाचलंत का ते?"

"नाही. ऐकलं. आत्ता."

"कुणाकडून?"

"नाथाजीकडून. त्याला पाठ आहे."

ती हसेल असं त्यांना क्षणभर वाटलं. लहानपणी ती अशा गोष्टींना लोळून हसायची. ती हसली नाही. "मला वाटलं, तुम्हीच त्यांना लिहायला सांगितलंत. तुम्हाला लिहवलं नाही म्हणून."

मधुकररावांनी खोपटाच्या दाराकडं पाहिलं. बोटभर फट होती. फटीत नीलिमा हिशेबाच्या कागदावर उगाच पेन्सिल फिरवत होती, आणि बापू भिंतीवरचं एसटीडीचं दरपत्रक इतक्या बारकाईनं वाचत होते, की जणू त्यांना ते छापून घ्यायचं होतं. आवाज खाली आणायची ही जागा होती. आयुष्यभर मधुकररावांनी घरातल्या पडत्या गोष्टी खालच्या आवाजात सांगितल्या होत्या आणि चढत्या गोष्टी गच्चीवरून.

"तू घरी ये," ते म्हणाले. साध्या आवाजात, दार तसंच उघडं ठेवून.

"आणि गल्लीत काय सांगायचं?"

"काय सांगायचं? नोकरी गेली, म्हणून आली. अमेरिकेचं मी ठोकलं होतं. तेही मीच सांगतो." दरपत्रक वाचणारी पाठ हलली नाही. "तुझा साहेब नुसतं बोलला होता. जून वगैरे माझ्या पदरचं."

"माहितीये मला," ज्ञानदा म्हणाली. "बयाकाकूंनी मला जानेवारीतच विचारलं होतं, विमानात चटणी नेऊ देतात का म्हणून."

म्हणजे तिला तेव्हापासून माहीत होतं. बापानं काय काय पसरवलंय हे माहीत असूनही ती दर आठवड्याला 'मी मजेत आहे' असं लिहीत राहिली, आणि बापानं ते 'मजेत' गल्लीला दोनदा म्हणून दाखवलं. मधुकररावांना काही बोलावंसं वाटलं, पण जे सुचत होतं ते सगळं पोरीसमोर स्वतःला चांगलं दाखवणारं होतं, म्हणून त्यांनी ते गिळलं.

"शनिवारच्या गाडीत जागा मिळते का बघते," ती म्हणाली. "आईला सांगितलंत?"

"आता घरी जाऊन सांगतो."

"सांगा. जेवढं आहे तेवढंच सांगा बाबा. वाढवू नका."

"नाही वाढवत."

"आणि पासवर्ड मी नाही सांगणार."

"नको सांगूस," मधुकरराव म्हणाले. "माझ्याजवळ राहायचा नाही तो."

त्यांनी फोनचे पैसे दिले. नीलिमानं इंटरनेटचे घेतले नाहीत. "उघडलं कुठं काका," ती म्हणाली. ते त्यांना लागलं.

रस्त्यावर आल्यावर मधुकररावांनी चालण्याचा वेग मुद्दाम कमी ठेवला. टोमणा यायचाय, तो भररस्त्यात येऊन जाऊ दे, बायकांसमोर नको, असा त्यामागं हिशेब होता. तीस वर्षांत बापूंना इतकं तयार जेवण कधी वाढून मिळालं नव्हतं. विमान होतं, चटणी होती, चांदण्या तर होत्याच. ते वाट बघत चालले. मारुती रोड ओलांडला. बापू घसा साफ करत होते. मधुकररावांनी मान खाली घातली.

"औंदा वांगी लय महाग झाल्यात," बापू म्हणाले.

मधुकररावांनी वळून पाहिलं. बापू समोर बघत होते.

"व्हय," थोड्या वेळानं बापू पुन्हा म्हणाले, "नदीकाठची आसून बी."

मग दत्ताच्या देवळापर्यंत ते वांग्यांवर बोलले. पुढं शेपूवर आले. पोरीचं नाव नाही, अमेरिका नाही, पासवर्ड नाही. आयुष्यात पहिल्यांदा धोंडिरामबापूंनी हाती आलेला टोमणा न टाकता खाली ठेवला होता, आणि तो घरापर्यंत मधुकररावांना एकट्यानं उचलून न्यावा लागला.