माझ्यात नसलेलं एक नाव

अहो, इकडे! मी एक तात्पुरतं टेबल बोलतोय. चहाचा कप ठेवायला पुढे येऊ नका, मला पाय नाहीत आणि लाकूडही नाही. एका मशीनच्या पोटात आडव्या ओळी आणि उभे रकाने आखून मला केलंय. माझा जन्म आज दुपारचा आणि संध्याकाळी मी नसेन. पण काय दिवस वाट्याला आलाय म्हणून सांगू! कित्येकांना अख्ख्या जन्मात एवढी धावपळ बघायला मिळत नाही.

मी जन्मलो तोच एका शाळेच्या गडबडीत. सकाळी मुलं वर्गात बसली न बसली तोच निरोप आला, की नदीवरच्या पुलाच्या खांबाला तडा गेलाय आणि पूल बंद केलाय. शाळेतली निम्म्याहून जास्त मुलं नदीपलीकडची. आता त्यांच्या बसनी लांबच्या पुलावरून वळसा घालायचा. म्हणजे कुणाची बस बदलणार, कुणाचा थांबा, कुणाचं दोन्ही. आणि प्रत्येकाचं वेगळं! सगळ्यांना एकच नवी बस असती, तर काम एका ओळीत उरकलं असतं.

ही जुळवाजुळव शिट्टीकाकांची. ते बसगाड्यांचे प्रमुख. गळ्यात कायम शिट्टी, आणि आवाज असा की शिट्टीची गरजच पडू नये. त्यांनी चालकांना गोळा केलं, नकाशा पसरला आणि मधल्या सुट्टीपर्यंत पलीकडच्या एकेका मुलाची नवी बस आणि नवा थांबा टाइप करून काढला.

"ताई, माझं झालं! आता तुमच्या मशीनला सांगा," ते दारातूनच ओरडले.

ताई म्हणजे शाळेची माहिती सांभाळणारी. वयानं काकांहून कितीतरी लहान, पण शाळेत ती सगळ्यांचीच ताई. तिची मुलगी त्याच शाळेत पहिलीत आहे. एका जागी म्हणून ठरत नाही, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. शाळेतलं बोलणं मला इथे, लांबच्या मशीनमध्ये, कसं ऐकू येतं, असं मात्र विचारू नका. आत्मवृत्तात एवढं चालवून घ्यायचं असतं.

या शाळेची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. प्रत्येक बसच्या दारात एक मावशी उभी असते, हातात फोन घेऊन. फोनवर मुलाचं नाव दिसलं तरच मूल बसमध्ये. नाव नसेल तर पोर रडो, लोळो, मावशी वर चढू देत नाही. आणि फोनवर जे दिसतं ते येतं थोरल्याकडून. थोरला म्हणजे शाळेचं मोठं, कायमचं टेबल. सगळ्या मुलांची नावं, बस आणि थांबे त्याच्या पोटात. शाळा सुटायच्या आत त्याच्यातल्या बस नीट बदलल्या नाहीत, तर मुलं बंद पुलाकडे निघणार, नाहीतर मैदानातच राहणार.

माझ्या जन्माआधीची गंमत मला थोरल्यानंच सांगितली. ताईनं आधी सरळ रस्ता धरला. एक मूल, एक हुकूम. "या मुलाची बस बदल." बदलली. "आता या मुलाची बदल." बदलली. आमचं मशीन शाळेपासून लांब, त्यामुळे प्रत्येक हुकूम तारेतून धावत यायचा आणि उत्तर धावत परत जायचं. थोरल्याच्या नाकी नऊ आले. "मी काय झोपाळा आहे का, पुढे-मागे करायला?" तो अजूनही कुरकुरतोय.

तिकडे मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ताईच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "किती झालं गं?"

"पाव भागसुद्धा नाही, बाई. आणि बालवर्ग सुटायची वेळ होत आली. अर्धी मुलं नव्या बसमध्ये नि अर्धी जुन्या बसमध्ये, हे तर सगळ्यात वाईट."

ताईनं ते काम थांबवलं आणि झालेले बदलही मागे घेतले. थोरला सकाळी होता तसा झाला. आणि मग, वाचकहो, मग तिनं मला जन्माला घातलं!

तीनच रकाने. मुलाचा क्रमांक, नवी बस, नवा थांबा. बाकी काही नाही, नावसुद्धा नाही. वर तिनं मला एक अट घातली, की एक क्रमांक एकदाच यायला हवा. मग काकांचं सगळं टिपण एका दमात माझ्यात ओतायला घेतलं. आणि मी मध्येच अडून बसलो! एक क्रमांक दोनदा आला होता.

"काका, या मुलाला तुम्ही दोन थांबे दिलेत."

"अहो, तो बुधवारी आजीकडे उतरतो ना!"

"आणि आज काय वार आहे?"

काकांनी शिट्टी हातात धरली, सोडली. "शुक्रवार," ते हळूच म्हणाले. त्यांना हळू बोलता येतं हे शाळेला आज कळलं.

आजीची ओळ काढली आणि मी भरलो. गच्च भरलो! काय तो आनंद! प्रत्येक ओळीत एक मूल, प्रत्येक मुलाला घराकडे नेणारा एक रस्ता, आणि सगळे रस्ते माझ्या हवाली. मला तर वाटायला लागलं की शाळेतला सगळ्यात मोठा माणूस मीच.

आता ताईला एकच हुकूम द्यायचा होता. आमच्याकडे एक फार चांगली सोय असते. आधी सांगून ठेवलं, तर झालेला बदल लगेच पक्का होत नाही आणि बाहेर कुणाला दिसतही नाही. "पक्कं" म्हटलं की पक्का, "मागे" म्हटलं की जणू काही घडलंच नव्हतं. ताईनं ते सांगून ठेवलं आणि हुकूम सोडला. थोरल्यातल्या प्रत्येक मुलानं माझ्याकडे यावं, आपला क्रमांक शोधावा आणि समोरची बस नि थांबा घेऊन जावा.

चुटकीसरशी झालं! इतका वेळ रखडलेलं काम एका श्वासात! काकांनी टाळी वाजवली, मोठ्या बाई हसल्या, मीही फुशारलो. ताई मात्र हसली नाही. किती ओळी बदलल्या तो आकडा ती बघत होती. तो माझ्या ओळींइतका नव्हता. अख्ख्या शाळेइतका होता.

तिनं घाईघाईनं एक नाव शोधलं, भिंगरीचं. ताईचं घर नदीच्या अलीकडे, भिंगरीची बस बदलायचीच नव्हती, म्हणून ती माझ्यात नव्हतीच. पण हुकूम तर प्रत्येक मुलाला होता. भिंगरी माझ्याकडे आली, तिला काही सापडलं नाही, आणि ते 'काही नाही'च घेऊन ती परत गेली. तिची बस रिकामी, थांबा रिकामा. अलीकडच्या प्रत्येक मुलाचं तसंच झालं होतं.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "मावशी तिला चढूच देणार नाहीत," ती एवढंच म्हणाली. माझी तर लाजेनं मान खाली गेली असती, मान असती तर. ज्यांना मी ओळखतही नव्हतो, त्यांचं घर माझ्यामुळे पुसलं गेलं होतं.

"मागे," ताईनं लिहिलं. थोरला पुन्हा होता तसा.

बालवर्गाची घंटा झाली. खाली मैदानात बस लागायला लागल्या. काका खिडकीशी धावले आणि चालकांना ओरडून म्हणाले, "थांबा रे, दारं उघडू नका!" ताईनं हुकूम नव्यानं लिहिला आणि या खेपेला माझ्यापासून सुरुवात केली. जे क्रमांक माझ्यात आहेत तेवढेच थोरल्यात शोधायचे, त्यांचीच बस नि थांबा बदलायचा. बाकी कुणाला हात लावायचा नाही.

पुन्हा एक श्वास. तिनं आकडा पाहिला. माझ्या ओळींइतकाच! तिनं भिंगरीचं नाव काढलं. जुनी बस, जुना थांबा, जागच्या जागी. मग पलीकडची चार-पाच मुलं काकांना वाचून दाखवली. "बरोबर. बरोबर. अगदी बरोबर, ताई!"

"पक्कं."

काकांनी अशी शिट्टी मारली की मोठ्या बाईंनी कानांवर हात ठेवले. बसची दारं उघडली. मावश्यांच्या फोनवर नावं आली, पोरं किलबिलत चढली. आणि पहिलीचा वर्ग सुटल्यावर एक छोटीशी मुलगी दोनदा गोल फिरून, वर कार्यालयाच्या खिडकीकडे हात करून, आपल्या रोजच्या बसमध्ये बसली.

माझं काम तिथेच संपलं होतं. ताईनं मशीनशी असलेली आपली जोडणी बंद केली की मी आपोआप नाहीसा होतो, मला पुसावंही लागत नाही. पण तिनं अजून बंद केलेली नाही. मूल थांब्यावर उतरलं की मावशी फोनवर तशी नोंद करते, आणि त्या नोंदी थोरल्याच्या पोटात टपाटप पडतायत. उतरला. उतरली. उतरला. माझ्या ओळीतली पोरं लांबच्या पुलावरून एकेक करून घरी पोचतायत आणि थोरला मला प्रत्येकाची बातमी देतोय. काय सांगू, असा आनंद पुरवून पुरवून घ्यावासा वाटतो!

जाता जाता एकच मागणं. माझ्यासारख्याला पुन्हा कधी कामाला लावाल, तेव्हा माझ्यात कोण आहे हे तर बघाच, पण कोण नाही हेही बघा. मी नुसती बस बदलतो. जे माझ्यात नाहीत, त्यांना आहेत तिथे नीट राहू देणं तुमच्या हातात असतं.

हे बघा, थोरला काय म्हणतोय. भिंगरी उतरली! शेजारच्या काकूंनी घरी नेली. ताईनं डोळे पुसले, आता तिचा हात जोडणी बंद करायला पुढे येतोय. येऊ दे. मी निघालो. ती माझ्यात कधीच नव्हती, पण जाताना माझ्याजवळ तिचंच नाव आहे.